वीजबिल आणि घरटॅक्स: कुठला पैसा कोणाकडे जातो आणि हरकत कुठे घ्यायची?

सक्करदरा_चौक (धागाकर्ता)

उन्हाळ्याचं वीजबिल आणि नागपूर मनपाची घरटॅक्सची डिमांड मागेपुढेच हातात पडते. मग चौकात एकच सूर लागतो, 'सगळीकडून वाढलं'. वाढलं हे खरंच आहे. पण दोन्ही कागदांवरच्या पैशांचे मालक वेगळे आहेत. विजेच्या दराचा राग झोन ऑफिसात काढून उपयोग नाही, आणि घरटॅक्सच्या मोजणीची तक्रार नगरसेवकाच्या कानावर घालून ती नोंदवहीत चढत नाही.

म्हणून हा धागा. कोणती ओळ कोणाची, ती चुकते कुठे आणि दुरुस्त कशी होते, यावर माहीतगारांनी लिहावं. अन्याय कुठे आहे हेही लिहा, पण आकड्यानिशी.

सुरुवात मी वीजबिलापासून करतो. बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (तारांमधून वीज पोचवण्याचा), इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क या ओळी असतात. पहिल्या चार ओळी महावितरणच्या, आणि त्यांचा दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. पाचवी राज्य सरकारची: महाराष्ट्र वीज शुल्क अधिनियम, २०१६ नुसार घरगुती ग्राहकाला १६ टक्के. मनपाला यातला एक पैसाही मिळत नाही. हे शुल्क आधीच्या आकारांच्या बेरजेवर लागतं, म्हणजे इंधन समायोजनावरसुद्धा. कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज महागली आणि बिलात इंधन समायोजनाचे १०० रुपये आले, की त्यावर शुल्काचे १६ रुपये आपोआप चढतात. सरकारने दर वाढवला नाही, तरी वसुली वाढली. विजेच्या बिलात मला सगळ्यात जास्त खटकते ती हीच गोष्ट. कोराडी-खापरखेड्याची राख आणि धूर झेलणाऱ्या शहराला तर ती जास्तच लागते.

मीटर_लाईन

चांगला धागा. दरावर भांडायच्या आधी युनिट बरोबर आहेत का ते बघून घ्या, त्याला अर्धा तास पुरतो.

१. घरातला मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा लाल पल्सचा दिवा दोन-तीन मिनिटं बघा. तो लुकलुकत राहिला, तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये कुठेतरी वीज जातेय.

२. मीटरच्या पाटीवर युनिटमागे किती पल्स ते लिहिलेलं असतं. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं. घरातलं सगळं बंद करून फक्त १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा. दोन पल्समधलं अंतर साधारण सव्वाअकरा सेकंद यायला हवं. दहा पल्सचा वेळ मोजून सरासरी काढा, एका पल्सवरून ठरवू नका. एलईडी बल्ब घेऊ नका, त्याचे वॅट डब्यावर लिहिल्याप्रमाणे नेमके नसतात. गिझरवर मोजत असाल तर व्होल्टेज पाहा. २३० व्होल्टला २००० वॅट ओढणारा गिझर २१० व्होल्टला १६७० च्या आसपासच ओढतो. तेव्हा पल्स हळू आले म्हणून मीटर हळू चालतंय असं समजू नका.

३. मीटरवर अर्थ लीकेजचा छोटा दिवा किंवा खूण असते. ती लागलेली असेल तर नागपुरात पहिला संशय कूलरवर घ्यायचा. टबमधल्या पंपाच्या वायरचं वेष्टण एक-दोन सीझनमध्ये कडक होऊन तडकतं, आणि पाण्यातून करंट बॉडीत आणि तिथून अर्थमध्ये उतरतो. आजची मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीचा करंट मोजतात आणि जो जास्त असेल तो धरतात. अर्धा अ‍ॅम्पियर गळती धरली तर ११५ वॅट. चोवीस तास चालू राहिली तर दिवसाला पावणेतीन युनिट, महिन्याला ८० च्या वर. युनिटपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे याच गळतीने दर उन्हाळ्यात माणसं जातात. कूलरच्या लाईनवर ३० मिलिअ‍ॅम्पियरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा आणि कूलरला तीन पिनचीच वायर ठेवा.

४. दुसरा संशय इन्व्हर्टरवर. इन्व्हर्टर बसवताना दोन फ्लॅटचे न्यूट्रल एकत्र झाले, की शेजारचा परतीचा करंट तुमच्या न्यूट्रलमधून जातो आणि तुमचं मीटर तो मोजतं. जुन्या इमारतींत हे वारंवार सापडतं. बिल वाढलं, वापर तोच आणि मीटर तपासणीत पास, असं असेल तर बहुतेक वेळा कारण इथेच असतं.

मानेवाडा_रिंगरोड

मीटर पास झालं, पण बिल सरासरीचं आलं, तर काय करायचं भाऊ? बिलावर 'लॉक' लिहिलेलं असतं.

मीटर_लाईन

बिलावर मागचं आणि चालू रीडिंग एकच छापलेलं असेल, किंवा शेरा 'लॉक', 'फॉल्टी', 'इनअ‍ॅक्सेस' असा असेल, तर ते सरासरीचं बिल. त्याच दिवशी मीटरचा फोटो काढा, रीडिंग आणि मीटर क्रमांक एकाच फोटोत यायला हवेत. मग महावितरणच्या अ‍ॅपवर स्वतः रीडिंग टाका किंवा उपविभागात लेखी द्या आणि पोच घ्या.

नंतर खरं रीडिंग घेतलं जातं तेव्हा दोन-तीन महिन्यांचे युनिट एकदम येतात. तिथे स्लॅबकडे, म्हणजे दराच्या टप्प्यांकडे, डोळ्यात तेल घालून बघा. घरगुती स्लॅब महिन्याला १००, ३०० आणि ५०० युनिटवर तुटतात. बिल तीन महिन्यांचं असेल तर मर्यादाही तिपटीने, म्हणजे ३००, ९०० आणि १५०० अशा धरायला हव्यात, आणि आधी भरलेली सरासरीची रक्कम वजा व्हायला हवी. ६०० युनिट एकाच महिन्याचे धरले तर १०० युनिट सगळ्यात महागड्या स्लॅबमध्ये जातात. तेच तीन महिन्यांचे धरले तर महिन्याला २०० पडतात आणि तिसरा स्लॅबसुद्धा लागत नाही.

मीटर खरंच सदोष निघालं, तर पुरवठा संहितेनुसार बिलाची दुरुस्ती वाद उभा राहिलेल्या महिन्याआधी जास्तीत जास्त तीन महिने मागे जाते. वर्षभराचा फरक काढून पाठवला असेल तर हा मुद्दा लेखी मांडा. आणि विद्युत अधिनियम, २००३ चं कलम ५६(२) लक्षात ठेवा. थकबाकी बिलात सातत्याने दाखवत आले नसतील, तर देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही. वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस हवी, ते कलम ५६(१).

अपार्टमेंट_हिशेब

सोसायट्यांसाठी लिहितो. लिफ्ट, बोअरचा पंप, जिना आणि पार्किंगचे दिवे यांचं सामायिक मीटर रहिवासी इमारतीत असेल तर त्याला घरगुती दर लागतो. आयोगाच्या दरपत्रकात हे स्पष्ट आहे. तरी अनेक ठिकाणी बिल्डरने बांधकामासाठी घेतलेलं किंवा त्याच्या नावावरचं वाणिज्यिक कनेक्शन तसंच चालू असतं. वाणिज्यिकमध्ये युनिटचा दरही जास्त आणि वीज शुल्कही १६ ऐवजी २१ टक्के. बिलाच्या वरच्या भागात दरसंकेत (टॅरिफ कोड) बघा. चुकीचा असेल तर सोसायटीचा ठराव, नोंदणीचा कागद, भोगवटा प्रमाणपत्र आणि फ्लॅटधारकांची यादी जोडून वर्गवारी बदलाचा अर्ज करा.

तळमजल्यावर दुकानं असतील आणि त्यांची लाईन सामायिक मीटरवर असेल, तर आधी ती वेगळी करा. तपासणीत हे सापडलं तर विद्युत अधिनियमाच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापराची आकारणी होते, आणि ती दुप्पट दराने होते. दुकानदार वापरतो दोन ट्यूबलाईट, भरते अख्खी सोसायटी.

घरातल्याच खोलीत शिवणकाम, क्लास किंवा छोटा व्यवसाय असेल तर घाबरून वाणिज्यिक मीटर घेऊ नका. वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या वर्षी एकूण ३६०० युनिटपर्यंत असेल तर घरगुती दर चालतो.

घरटॅक्स_मोजणी

वरचा शेवटचा मुद्दा घरटॅक्सशी जोडलेला आहे, म्हणून इथूनच सुरू करतो. वाणिज्यिक मीटर घेतलं की मनपाच्या सर्वेक्षणात तो मजला 'बिगर-निवासी' म्हणून चढण्याची शक्यता वाढते. विजेची वर्गवारी आणि कराची वर्गवारी हे दोन वेगळे कायदे आहेत. एका खोलीत शिलाई मशीन आहे म्हणून पूर्ण मजला बिगर-निवासी होत नाही. बिगर-निवासी धरायचंच झालं तर फक्त तेवढ्या खोलीचं क्षेत्रफळ त्या दराने धरायचं असतं. हरकतीत हेच मागा, 'मजला' हा शब्द काढून खोलीचं माप टाकायला सांगा.

आता कर कसा निघतो ते बघू. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार (स्लॅब, कौल, टिन), वय आणि वापर यांवरून वार्षिक भाडेमूल्य ठरतं. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य. त्यावर सामान्य कर आणि मनपाचे इतर कर टक्केवारीने लागतात. त्याच डिमांडमध्ये राज्याचा शिक्षण उपकर असतो, आणि बिगर-निवासी मालमत्तेला रोजगार हमी उपकरही. मनपा हे दोन्ही गोळा करून राज्याला देते. म्हणजे घरटॅक्सचा सगळा पैसा शहरात राहतो हाही गैरसमजच.

चुका नेहमी याच जागी सापडतात:

क्षेत्रफळ. चटई (भिंतींच्या आतलं) धरलंय की बांधीव (भिंतींसकट), ते आधी विचारा. मग टेप घेऊन खोली-खोली मोजा आणि साध्या कागदावर नकाशा काढा. घर २० बाय ३० फूट असेल तर ६०० चौरस फूट, म्हणजे ५५.७४ चौरस मीटर. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. नोंदीत ७० चौरस मीटर दिसत असेल तर १४ मीटर कुठून आले ते शोधा. बहुतेक वेळा उघडं पार्किंग, पोर्च किंवा मागच्या बाजूचं टिनाचं शेड बांधकामात धरलेलं असतं.

दोन इंडेक्स नंबर (मनपाने मालमत्तेला दिलेला कराचा क्रमांक). प्लॉटवर इमारत झाली, फ्लॅटचे स्वतंत्र इंडेक्स पडले, पण मोकळ्या प्लॉटचा जुना इंडेक्स बंद झालाच नाही, असं होतं. मग त्यावर दर वर्षी मागणी चढत राहते आणि थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) बसते. जुना इंडेक्स रद्द करण्याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, नवीन आकारणीने तो आपोआप बंद होत नाही.

बांधकामाचा प्रकार आणि वर्ष. वरचा मजला टिनाचा असून स्लॅबचा लागला, किंवा तीस वर्षांचं घर नवीन दाखवलं. जुनी वीजजोडणी, जुनी टॅक्स पावती, मंजूर नकाशा, यांतलं काहीही पुरावा म्हणून चालतं.

आणि नाव. खरेदी झाली पण नामांतर केलं नाही, तर नोटीस जुन्या मालकाकडे जाते आणि तुमची हरकतीची मुदत तुम्हाला न कळता संपते. मालमत्ता हस्तांतरण नोंद २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली येते. अर्जाची तारखेसह पोच घ्या.

सक्करदरा_चौक

हरकतीचा क्रम पण लिहून टाका ना. लोक तोंडी सांगून परत येतात.

घरटॅक्स_मोजणी

तोंडी काहीच करू नका.

नोटीस मिळाली की तिच्यावरच मुदत असते, त्या मुदतीत झोन ऑफिसला लेखी हरकत द्यायची. शहरात दहा झोन आहेत. डिमांडवर आपला झोन छापलेला असतो, शेजारच्या झोनमध्ये अर्ज देऊन महिना घालवू नका. अर्जात इंडेक्स नंबर, नोंदीतलं माप, प्रत्यक्ष माप, फरक आणि मागणी, एवढंच हवं. दोन पानांची कैफियत कोणी वाचत नाही. सोबत नकाशा, फोटो, मागची पावती. 'प्रत्यक्ष मोजणी माझ्या उपस्थितीत व्हावी' हे वाक्य नक्की घाला.

सुनावणीला गेलात की आकारणीचा उतारा मागा. दिला नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. निर्णय पटला नाही तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील आहे. तिथे दोन गोष्टींवर लोक अडकतात. मुदत फक्त १५ दिवसांची आहे आणि वादातली रक्कम आधी जमा करावी लागते. कायद्यातली ही अट सामान्य माणसावर अन्याय करते असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्याकडे भरायला पैसे नाहीत, त्याच्याच तक्रारीचं दार बंद होतं. म्हणून झोनच्या पातळीवरची हरकत भक्कम करा, पुढची लढाई महाग आहे.

आणि वाद सुरू असताना कर भरणं थांबवू नका. मान्य असलेली रक्कम 'हरकत राखून' असं लिहून भरा. कर १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर असा सहामाही आगाऊ देय असतो, शास्तीचं मीटर हरकतीसाठी थांबत नाही.

गच्ची_आणि_ऊन

न्यायाच्या मुद्द्यावर माझा वेगळा विचार आहे. घरटॅक्स क्षेत्रफळावर, वीज वापरावर. वापरावरचा आकार जास्त न्याय्य नाही का? जो जास्त वापरतो तो जास्त भरतो.

मानेवाडा_रिंगरोड

कागदावर बरोबर, नागपुरात नाही. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हात) झाडांच्या सावलीतला सिव्हिल लाईन्सचा बंगला आणि टिनाखालचं दोन खोल्यांचं घर यांत जास्त कूलर कुठे चालतो? टिन दिवसभर तापतं आणि रात्री दहापर्यंत उष्णता खाली टाकत राहतं. २०० वॅटचा कूलर १२ तास चालला तर २.४ युनिट, महिन्याला ७२. त्या घरात तो बारा तासांवर थांबत नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की खस आणि पॅड कामाचे राहत नाहीत, कूलर नुसता वारा फेकतो, पण मोटर तेवढीच वीज खाते.

स्लॅबचं पण तसंच. एका वाड्यात तीन कुटुंबं, प्रत्येकी १२० युनिट, मीटर एकच: ३६० युनिट. पहिल्या स्लॅबमध्ये १००, दुसऱ्यात २००, तिसऱ्यात ६०. तीन वेगळी मीटर असती तर ३०० युनिट पहिल्या स्लॅबमध्ये आणि फक्त ६० दुसऱ्यात. वापर तोच, माणसं तीच. महालातल्या जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या चाळींत ही तफावत दर महिन्याला भरली जाते. स्वतंत्र प्रवेश आणि स्वतंत्र स्वयंपाकघर असेल तर वेगळ्या जोडणीचा अर्ज करा. भाडेकरू असाल तर भाडेकरार आणि मालकाची संमती लागते.

घरमालकांनो, सबमीटर लावून सगळ्यात वरच्या स्लॅबचा दर सगळ्या युनिटना लावू नका. पूर्ण बिलाला एकूण युनिटने भागा आणि तोच दर सगळ्यांना, स्वतःलाही.

गच्ची_आणि_ऊन

मुद्दा पटला. वाड्याचा विचार मी केला नव्हता.

सोलरबद्दल नेमकं लिहितो, कारण त्यात लोक फसतात. पीएम सूर्यघर योजनेत अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, एकूण कमाल ७८,०००. पाच किलोवॅट लावले म्हणून अनुदान वाढत नाही. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,०००. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा धरा, आणि दिवसाला सरासरी चार युनिट. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक म्हणून जास्त वीज मिळेल असं वाटतं, पण पॅनलचा सेल २५ अंशांच्या वर गेला की अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. दुपारी सेल ६५ अंशांना पोचला तर १२ ते १६ टक्के गेलेच. त्यात धूळ. पहाटे पॅनल थंड असताना साध्या पाण्याने धुवा. तापलेल्या काचेवर दुपारी पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोअरचं जड पाणी वापरलं तर क्षाराचे पांढरे डाग धुळीपेक्षा वाईट.

स्थिर आकार सोलर असलं तरी लागतोच, त्यामुळे 'शून्य बिल' ही विक्रेत्याची भाषा समजा. आणि पॅनलच्या उंच स्ट्रक्चरखाली पत्रे व भिंती लावून खोली केली, तर घरटॅक्सच्या पुढच्या मोजणीत ती बांधकाम म्हणून चढू शकते.

अपार्टमेंट_हिशेब

मनपाचं स्वतःचं वीजबिल कोणी मांडलं नाही. पेंच आणि कन्हानचं पाणी उपसून, शुद्ध करून टाक्यांपर्यंत चढवायला वीज लागते, रस्त्यावरचे दिवे वेगळे. जकात गेली, २०१३ ला आलेला एलबीटीही (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ पासून जीएसटीची भरपाई राज्याकडून येते. मनपाच्या हातात स्वतःचं म्हणून मुख्यतः घरटॅक्स आणि पाणीपट्टी उरली. विजेचा दर वाढला की तो दोनदा आपल्यापर्यंत येतो, एकदा घरच्या मीटरवर आणि एकदा कराच्या डिमांडमधून.

म्हणून दिवसा जळणाऱ्या पथदिव्याची तक्रार क्षुल्लक समजू नका. ७० वॅटचा एक दिवा रोज १२ तास फुकट जळाला तर वर्षाला ३०६ युनिट. खांबाचा क्रमांक, वेळ आणि फोटो एवढं द्या. 'आमच्या गल्लीतला दिवा' असं लिहिलं तर लाईनमन शोधत बसत नाही.

घरटॅक्स_मोजणी

दोन समान फ्लॅटला वेगळा कर का, हा प्रश्न नेहमी येतो, त्याचं उत्तर राहिलं. बहुतेक वेळा दोन्हींची आकारणी वेगवेगळ्या वर्षी झालेली असते. नियम म्हणतो की आकारणी पुस्तक निदान चार वर्षांतून एकदा नव्याने करायचं. ते वेळेवर झालं नाही की जुना फ्लॅट जुन्या मूल्यावर राहतो आणि नवीन विकत घेणारा नव्या मूल्यावर भरतो. मला घरटॅक्समधला मोठा अन्याय दराचा नाही, या शिळ्या नोंदींचा वाटतो. शेजाऱ्याचा कमी कर दाखवून स्वतःचा कमी करा असं मागू नका, बरं का, शेजाऱ्याचाच वाढेल. स्वतःच्या मापावर आणि वर्षावर बोट ठेवा.

गुंठेवारीच्या (शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून विकलेल्या) लेआउटमध्ये घर असेल तर एक गोष्ट पक्की: टॅक्स पावती म्हणजे मंजुरी नव्हे. नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) नियमितीकरणाचं पत्र वेगळं. अनधिकृत बांधकामावर कराच्या दुप्पट शास्ती लागू शकते, आणि ती भरली तरी बांधकाम अधिकृत होत नाही.

मीटर_लाईन

उन्हाळ्यात येणारं आणखी एक बिल राहिलं, 'अतिरिक्त सुरक्षा ठेव'. हे वीजबिल नाही. ठेव वर्षभराच्या सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असावी असा नियम आहे, म्हणून वापर वाढला की फरक मागतात. ही रक्कम तुमच्या नावावर राहते, तिच्यावर दर वर्षी व्याज मिळतं आणि ते बिलातून वजा होतं. ते वजा झालं का, ते उन्हाळ्यातल्या बिलांत शोधा. रक्कम मोठी असेल तर हप्ते मागा.

बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर कर-शुल्क सोडून १ टक्का सूट, आणि मुदत टळली तर १.२५ टक्के विलंब आकार. छोटी रक्कम आहे, पण बारा महिन्यांची बेरीज करून बघा.

तक्रारीचा क्रम: आधी उपविभाग, लेखी. तिथे सुटलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. त्यानंतर विद्युत लोकपाल, मंचाच्या आदेशापासून ६० दिवसांत. लोकपालाचं कार्यालय नागपुरातच आहे, मुंबईला जावं लागत नाही, आणि वकील लावायची सक्ती नाही. सोबत बारा महिन्यांची बिलं, मीटरचे फोटो आणि उपविभागाची पोच न्या. पोच नसली तर आधी परत जाऊन ती घ्या, मंचात पहिला प्रश्न तोच येतो.

सक्करदरा_चौक

वरचं सगळं जुळवून कागदांची यादी उद्या पहिल्या प्रतिसादात टाकतो. हनुमाननगर आणि नेहरूनगर झोनमध्ये ज्यांना नोटिसा आल्या आहेत त्यांनी नोटिशीची तारीख आणि त्यावर छापलेली मुदत इथे लिहा, इंडेक्स नंबर मात्र लिहू नका. मुदत जवळ आहे त्यांच्या अर्जाचा मसुदा आधी करू.